टर्नटेबलचा आर्म, सुई आणि आपले कान: सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि आसपासच्या ओळखीच्या घरांत रेकॉर्ड प्लेअर लावून देताना तेच ते प्रश्न येतात. कुणाच्या माळ्यावरून आजोबांचं मशीन खाली उतरलेलं असतं, कुणी नवंकोरं ऑनलाइन मागवलेलं असतं. इथं क्रम शास्त्राचा नाही. जे आधी विचारलं जातं ते आधी.

माझा कान तयार आहे. आयुष्य मिरजेत गेलं. मग पट्टी आणि कोनमापक कशाला?

कान तयार असेल, पण त्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. सुई अर्धा मिलिमीटर पुढे बसली की मागे, हे ऐकून कुणालाही सांगता येत नाही. "बाजू संपत आली की 'स' आणि 'श' फुटतात" एवढं कान सांगतो, आणि ते अगदी बरोबर सांगतो. पण तो 'स' झिजलेल्या सुईनं फुटतो, कमी वजनानं फुटतो, चरीतल्या मळानं फुटतो, कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीच्या, चुकलेल्या बैठकीनं फुटतो, आणि कधी कधी रेकॉर्डच तशी कापलेली असते. यातलं नेमकं कुठलं, ते मोजल्याशिवाय कळत नाही. शिवाय कानाला सवय फार लवकर लागते. महिनाभर वाकडं ऐकलं की सरळ केलेलं कोरडं वाटायला लागतं.

हा वाद आपल्या गावाला नवा नाही. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल इथलेच, सांगलीचे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी गायचं आणि देवलांनी तो स्वर सोनोमीटरच्या तारेवर पकडून तारेची लांबी मोजायची, अशा रीतीनं त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० मध्ये तो छापला. पुढं क्लेमेंट्स या इंग्रज सनदी अधिकाऱ्यानं त्यावरून श्रुतींची पेटी करून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्या पेटीवरून वाद झाला. तो वाद कुणी जिंकला हे बाजूला ठेवा. मला त्यातली कामाची वाटणी महत्त्वाची वाटते. स्वर कुठला, हे गवय्याच्या कानानं ठरवलं. तो किती, हे पट्टीनं सांगितलं. आर्म लावताना मी हीच वाटणी पाळतो. फक्त क्रम उलटा. आधी पट्टी, मग कान.

हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसतं तो आर्मचा पुढचा भाग, आत वळलेलं दिसतंय. वाकलंय का?

नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. मूळ तबकडीवर चर कापणारं हत्यार कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला आर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, त्यामुळे सुई कमानीत चालते. सुईचा कोन चरीशी सगळीकडे जुळणं शक्यच नाही. म्हणून दोन तडजोडी करतात. सुई मधल्या खिळ्याच्या थोडी पलीकडे जाईल अशी ठेवतात, त्याला ओव्हरहँग म्हणतात. आणि कार्ट्रिज आतल्या बाजूला वळवतात, तो ऑफसेट कोन. दोन्ही मिळून असं होतं की पूर्ण बाजूत दोन ठिकाणी चूक शून्य असते आणि बाकीच्या भागात दीड-दोन अंशांच्या आत राहते. ती दोन ठिकाणं म्हणजे नल पॉइंट.

ब्रिटनमधल्या पर्सी विल्सन यांनी १९२४ मध्येच, चावीच्या ग्रामोफोनच्या काळात, हे गणित लोकांसमोर मांडलं होतं. १९३८ मध्ये लोफग्रेन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. नुसत्या कोनाच्या चुकीकडे बघून भागत नाही, ती त्रिज्येनं भागून बघावी लागते. सुई रेकॉर्डच्या आतल्या भागात आली तरी फेरे तेवढेच असतात, पण चरीचा वेग घटतो. ३३⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला, १४६ मिमी त्रिज्येवर, चर सेकंदाला ५१ सेंटीमीटर सरकते. आत ६० मिमीवर फक्त २१. म्हणजे तोच आवाज आत अडीचपट दाटीनं कोरलेला असतो, आणि तितकीच कोनाची चूक तिथं अडीचपट महाग पडते.

एक मिलिमीटरनं खरंच काय बिघडतं?

साधारण नऊ इंची आर्म घेऊ. खुंटीपासून मधल्या खिळ्यापर्यंत २१५ मिमी. बेअरवाल्ड यांनी गणितानं काढलेल्या मापानं सुई खिळ्याच्या १७.८ मिमी पलीकडे जायला हवी आणि ऑफसेट कोन २३.७ अंश हवा. तसं लावलं तर सुईला सेकंदाला १० सेंटीमीटर वेगानं आडवं हलवणाऱ्या ठणठणीत आवाजाला कोनाच्या चुकीमुळे येणारी विकृती, म्हणजे मुळात नसलेली भेसळ, कुठंही ०.६४ टक्क्यांच्या वर जात नाही. आता कोन तसाच ठेवून सुई फक्त १ मिमी पुढे सरकवा. आतल्या शेवटच्या चरीत तीच विकृती सुमारे १.४ टक्के होते. दुपटीहून जास्त. म्हणून 'अंदाजपंचे' हा शब्द या कामातून काढून टाकावा.

बेअरवाल्ड, लोफग्रेन, स्टीव्हन्सन. ख्यालाच्या रेकॉर्डला कुठलं माप घ्यायचं?

नल पॉइंट असे: बेअरवाल्ड (१९४१) ६६.० आणि १२०.९ मिमी. लोफग्रेनची दुसरी पद्धत ७०.३ आणि ११६.६. स्टीव्हन्सन (१९६६) ६०.३ आणि ११७.४. बेअरवाल्डचं उत्तर आणि लोफग्रेनची पहिली पद्धत व्यवहारात एकच.

स्टीव्हन्सन यांनी आतला नल पॉइंट अगदी शेवटच्या चरीवर नेला. पाश्चात्त्य सिंफनीचा मोठा गजर बाजूच्या शेवटी येतो, तिथं आवाज साफ हवा. आपल्याकडेही तसंच आहे. विलंबितातला आलाप बाहेरच्या ऐसपैस चरीत जातो, आणि द्रुत, ताना, तिहाया सगळं आत, जिथं जागा सर्वात कमी. हे ऐकल्यावर पुष्कळजण "मग स्टीव्हन्सनच" म्हणतात. मी म्हणतो, आधी पट्टी घ्या आणि तुमच्या रेकॉर्डवर संगीत कुठं संपतं ते मोजा. बाजू ६० मिमीपर्यंत भरलेली असेल तर स्टीव्हन्सनला अर्थ आहे. ६५ किंवा ७० वरच संपत असेल तर जो भाग वाजणारच नाही त्याच्यासाठी मधल्या सगळ्या बाजूची विकृती कशाला वाढवायची? मी स्वतः बहुतेक घरांत बेअरवाल्ड लावतो.

आणि खरं सांगू? या तिघांत नीट लावलेलं कुठलंही चालेल. यावरून भांडणारे पुष्कळदा वर्षभर सुई पुसत नाहीत.

टेक्निक्सच्या पुस्तिकेत ५२ मिमी दिलंय. तेच ठेवू का?

टेक्निक्सच्या एसएल-१२०० या टर्नटेबलमध्ये सुईच्या टोकापासून हेडशेलच्या रबरी वॉशरपर्यंत ५२ मिमी ठेवलं की ओव्हरहँग १५ मिमी होतो. हेडशेलच्या २२ अंशांबरोबर नल पॉइंट साधारण ५८.८ आणि ११३.५ मिमीवर पडतात. म्हणजे झुकाव आतल्या बाजूला. कारखान्याचं माप चुकीचं नाही, ती त्यांनी केलेली निवड आहे. बेअरवाल्ड हवं असेल तर कार्ट्रिज जवळजवळ तीन मिलिमीटर पुढे आणि दीड-पावणेदोन अंश आत वळवावं लागतं. मग ते हेडशेलमध्ये तिरकं दिसतं. डोळ्याला खटकतं, सुईला नाही.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे बैठक जुळवायचा आखीव कागद, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. दोन्ही बिंदूंवर जुळवला, तरी आवाज तसाच.

कागद आधी पट्टीनं मोजा. दुकानातला मुलगा पानात बसावं म्हणून फाइल जरा लहान करून छापतो, आणि १०० मिमीची रेघ ९६ वर येते. छापायच्या आधी 'शंभर टक्के' असं बजावून सांगायचं, आणि छापल्यावर स्टीलची पट्टी लावूनच पैसे द्यायचे. मधलं भोक कात्रीनं करू नका. ते खिळ्यावर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर कागद सरकतो आणि सगळी मेहनत वाया.

दुसरं, कार्ट्रिजच्या डब्याची कड रेघेशी जुळवू नका. सुई ज्या बारीक दांडीच्या टोकाला असते ती दांडी जुळवा. स्वस्त कार्ट्रिजमध्ये दांडी डब्याशी सरळ असेलच असं नाही. घड्याळजीचं भिंग किंवा मोबाइलचा कॅमेरा मोठा करून समोरून बघा, एका डोळ्यानं. हे काम दिवसा खिडकीपाशी करावं. रात्री ट्यूबलाइटखाली सावल्या दोन पडतात.

सुईचं वजन हलकं ठेवलं की रेकॉर्ड टिकते ना?

नाही. उलटं आहे. वजन कमी पडलं की सुई चरीच्या भिंतीवरून उडते आणि पडताना भिंत खरवडते. कंपनीनं दिलेल्या पट्ट्यात राहा, आणि शंका असेल तर मध्याच्या किंचित वर. ऑर्टोफॉन २एम रेड १.६ ते २ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई १.८ ते २.२, स्वस्त मशीनांत येणारं एटी३६००एल २.५ ते ३.५. मोजायला ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा मिळतो. सराफ कट्ट्यावर ओळख असेल तर तुमचा काटा तिथल्या वजनानं एकदा पडताळून घ्या. काट्याची बैठक रेकॉर्डच्या उंचीला हवी. आणि काट्याचं ताट लोखंडी नको, कार्ट्रिजमधलं लोहचुंबक ते ओढतं आणि आकडा खोटा येतो.

अँटीस्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेर ओढणारा जोर, कोऱ्या तबकडीवर लावायचं असं सांगतात.

लावू नका. सुई आत ओढली जाते ती घर्षण आणि ऑफसेट कोन यांच्यामुळे. गुळगुळीत प्लास्टिकवरचं घर्षण वेगळं, कोरलेल्या चरीतलं वेगळं. वजनाच्या आकड्याइतकं लावून सुरुवात करा. मग जोरकस जागेला उजव्या बाजूला आधी फुटतंय की डाव्या, ते ऐका. उजवी आधी फुटली तर थोडं वाढवा. इथं कानच कामाचा.

जाड १८० ग्रॅमची रेकॉर्ड लावली की आर्मची उंची बदलतो. मला फरक स्पष्ट ऐकू येतो.

नऊ इंची आर्मची मागची बाजू ४ मिमी उचलली तेव्हा सुईचा कोन १ अंश बदलतो. जाड आणि पातळ रेकॉर्डमधला फरक एक मिलिमीटरही नसतो, म्हणजे पाव अंशाच्या आत. फरक ऐकू येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो दुसऱ्या रेकॉर्डचा, दुसऱ्या छपाईचा, किंवा उठून स्क्रू फिरवून परत येऊन बसल्याचा असण्याची शक्यता जास्त. आर्म जमिनीला समांतर ठेवा आणि गाणं ऐका.

आर्म बरोबर, सुई नवी, तरी तानपुरा डुलतो.

हा माझा आवडता प्रश्न. आर्मच्या गणितात लोक महिने घालवतात आणि इकडे रेकॉर्डचं भोकच मध्यावर नसतं.

सुई आतल्या बाजूला, ७० मिमीवर आहे असं धरा. भोक अर्धा मिमी सरकलेलं असेल तर त्रिज्या दर फेऱ्याला अर्धा मिमी कमी-जास्त होते. स्वर ०.७ टक्के वर आणि तेवढाच खाली जातो. म्हणजे वर १२ सेंट, खाली १२ सेंट, एकूण झोका २४ सेंटचा (सेंट म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). प्रमाण श्रुती २१.५ सेंटची असते. याचा अर्थ दर १.८ सेकंदांनी तुमचा षड्ज एका श्रुतीहून जास्त हेलकावे खातो. पॉप गाण्यात हे खपून जातं. किराणा घराण्याच्या संथ आलापीत, जिथं सगळा जीव एका लागलेल्या स्वरावर असतो, तिथं नाही खपत. ०.६ आणि ०.८ टक्के विकृतीचा वाद घालणाऱ्यानं आधी हे बघावं.

बघायचं कसं? वाजत असताना हेडशेलकडे वरून नजर लावा. ते डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक चुकलंय. नाकामिची कंपनीनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड आपोआप मध्यावर आणणारं यंत्र काढलं होतं. आपल्याला ते परवडणारं नाही. गोल कानशीनं भोक जरासं मोठं करून रेकॉर्ड हातानं मध्यावर आणता येते, पण ते स्वतःच्या आणि सहज पुन्हा मिळणाऱ्या रेकॉर्डवरच करावं. मामांच्या संग्रहावर नको.

वेग बरोबर आहे का ते पेटीवर तपासलं तर?

नाही चालणार. त्या दिवशी गवय्यानं कुठला षड्ज धरला होता ते तुम्हाला ठाऊक नाही. पेटीशी नाही जुळलं तर चूक वेगाची की तानपुरा मुळातच तसा लावलेला, हे कळणार नाही. स्ट्रोबची चकती वापरा. वेग बरोबर असला की दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी १८० रेघांची. दिवा मात्र जुना पिवळा बल्ब हवा, कारण चांगले एलईडी लुकलुकतच नाहीत आणि रेघा थांबलेल्या दिसत नाहीत. किंवा ३१५० हर्ट्झच्या चाचणी-रेकॉर्डवर मोबाइलचं ॲप.

अमेरिकेहून भावानं पाठवलेलं जुनं मशीन असेल तर व्होल्टेजच्या आधी ६० हर्ट्झचा विचार करा. त्याची मोटर विजेच्या वारंवारतेवर चालत असेल तर इथं ती ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे देते, आणि पांढरी चारमधला गवई पांढरी दोनमध्ये उतरतो. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, पुली बदलावी लागते.

तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झणझणीत गुंजारव, आणि सुईची करकर वेगळी ओळखायची कशी?

मिरजेबाहेर हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथं मात्र हमखास येतो, आणि यायलाच हवा.

जवारीचा झणकार तार छेडल्यावर फुलतो आणि तारेबरोबर विरतो. दर आवर्तनाला तसाच येतो. गायक जोरात असो की हळू, त्याला फरक पडत नाही. सुईची करकर गायकाच्या जोराला बांधलेली असते. तार सप्तकात आवाज चढला की येते, खाली आला की जाते, आणि बहुधा एका स्पीकरमध्ये जास्त. मोनो रेकॉर्ड असेल तर संगणकावर उतरवून डावीतून उजवी बाजू वजा करून बघा. गाणं जवळजवळ नाहीसं होतं, आणि मळ, ओरखडे, अँटीस्केटिंगची चूक मागे उरते. जवारी उरत असेल तर ती जवारी नव्हे. एवढं लक्षात ठेवा की कोनाच्या बैठकीची चूक मोनोत दोन्ही बाजूंना सारखी येते, म्हणून या वजाबाकीत ती दिसत नाही.

आणखी एक गंमत. कोनाच्या चुकीमुळे येणारी विकृती मुख्यतः दुप्पट वारंवारतेची, म्हणजे षड्जाला वरचा षड्ज. एकट्या आवाजावर कान तिला सहज माफ करतो, उलट आवाज जरा भरदार वाटतो. पण आवाज, पेटी, तानपुरा आणि सारंगी एकत्र आली की सगळ्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन न गायलेले, बेसूर स्वर तयार होतात. म्हणून बैठक तपासायला एकट्या बासरीची रेकॉर्ड लावू नका. भरलेली मैफल लावा, आणि तीही शेवटची पाच मिनिटं.

दोन बैठकींतलं कुठलं बरं, हे ऐकूनच ठरवायचं तर?

ठरवा, पण डोळे बांधून. तीच बाजू दोन्ही बैठकींवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवून घ्या. दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवा. जो आवाज थोडा मोठा तोच कानाला सरस वाटतो, सगळ्यांना. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून लावायला सांगा, किंवा फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमधली एबीएक्स सोय वापरा, ती न सांगता दोन्हींतलं एक लावते. १६ पैकी १२ किंवा जास्त वेळा बरोबर ओळखलं तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. नाही ओळखता आलं तर तेही उत्तरच आहे. मग जी बैठक लावायला सोपी ती ठेवा.

हे सुचवलं की काही लोक दुखावतात. त्यांच्या कानावर अविश्वास दाखवल्यासारखं त्यांना वाटतं. खरं तर याच एका परीक्षेत कान सोडून कुणालाच काही विचारलं जात नाही.

आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच आर्मवर वाजतील?

सुई बदलून. एलपीची, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डची, गोल सुई साधारण १८ मायक्रॉनची, ७८ ला ७५ च्या आसपासची लागते. बारीक सुई तळाशी लोळते आणि नुसती खरखर देते. बैठकीची फार काळजी नको. ७८ फेऱ्यांना बाहेरची चर सेकंदाला जवळजवळ एक मीटर पळते, त्यामुळे कोनाची चूक कमी जाचते. उलट चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका. पोलादी पिन एका फेरीत ती संपवते.

२०१९ च्या पुरात भिजलेल्या रेकॉर्ड अजून पोत्यात आहेत.

एलपी असतील तर पाण्यानं काही बिघडलेलं नाही, वाळलेला गाळ मात्र सुईचा वैरी आहे. कोरडं घासू नका. आधी साध्या पाण्यात भिजवा, मग भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब घालून मऊ ब्रशनं चरीच्या दिशेनं धुवा, स्वच्छ पाण्यानं खळबळून सावलीत उभ्या वाळवा. उन्हात ठेवल्या तर वाकतील. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. बुरशी आलेली पाकिटं टाकून द्या, रेकॉर्ड परत त्यात घालू नका. धुतल्यावर पहिल्यांदा वाजवताना जुनी सुई लावा.

एकदा लावलं की पुन्हा किती दिवसांनी तपासायचं?

सुई बदलली, मशीन हललं किंवा घरातल्या लहान मुलानं आर्म धरला की लगेच. एरवी वर्षातून एकदा वजन आणि स्क्रू बघितले तरी पुरे. गणपती पेठेच्या बाजूला राहत असाल तर हळदीची बारीक धूळ झाकणाखालीही शिरते, तेव्हा सुई मात्र दर बाजूला ब्रशनं पुसा, मागून पुढे, कधीही उलट नाही.